कुजबुजत केलेली तालीम

रात्रीचे साडेदहा वाजलेत. हाटकेशमधल्या एका सोसायटीची गच्ची. पाण्याच्या टाकीजवळ आम्ही आठ जण उभे. सीन आहे बाप-मुलाच्या भांडणाचा. बापाने असं ओरडायचंय की थिएटरमधला शेवटच्या रांगेतला माणूस दचकला पाहिजे. पण आमचा बाप कुजबुजतोय. कारण बरोबर खालच्या मजल्यावर सेक्रेटरी काका झोपलेत आणि मागच्याच आठवड्यात त्यांनी वॉचमनला बजावून ठेवलंय, ‘परत आवाज आला तर गच्चीला कुलूप.’

महिनाभर आम्ही एकांकिका अशीच बसवली. पाऊस आला की जिन्यात, पाऊस थांबला की गच्चीत. प्राथमिक फेरीचा दिवस उजाडला. स्टेजवर सगळं नीट झालं, कुणी वाक्य विसरलं नाही, म्युझिकही वेळेवर वाजलं (ते माझ्याकडे होतं, म्हणून आवर्जून सांगतेय). निकालानंतर परीक्षकांना भेटलो, तर ते म्हणाले, ‘संहिता चांगली आहे, पण आवाज मागपर्यंत पोहोचत नाही.’ आम्ही बाहेर येऊन आधी खूप हसलो. मग मीरा रोड येईपर्यंत कुणीच फारसं बोललं नाही. ज्याला महिनाभर कुजबुजायलाच शिकवलं, तो स्टेजवर ओरडणार कसा?

तुम्ही नाटक करत असाल, चित्रं काढत असाल, रॅप लिहीत असाल नाहीतर शॉर्टफिल्म एडिट करत असाल, तुमची अशी एक गच्ची असणारच. आणि ‘काय मस्त करतोस रे, सोडू नकोस हं’ असं सांगणारे पंचवीस-तीस लोकही असणार. प्रश्न असा आहे की, सोडू नकोस म्हणणारे खूप आहेत, पण धरून ठेवायला मदत कोण करतं? नवीन कलाकाराला नेमकं काय लागतं? मी गेले काही आठवडे हेच शोधत होते. थोडं जुन्या मुंबईत, थोडं सरकारी योजनांत आणि थोडं आमच्याच बिल्डिंगमध्ये.

गच्चीवर नाटक करणारे आम्ही पहिले नाही

शोधताना पहिली मजा ही कळली. इब्राहिम अल्काझी हे भारतीय रंगभूमीतलं केवढं मोठं नाव! दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होण्याआधी ते मुंबईत होते. कंबाला हिलवर आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी ‘मेघदूत’ नावाचा रंगमंच उभा केला होता. फरक इतकाच की, तिथे कुजबुजावं लागत नव्हतं.

त्याच काळात, म्हणजे पन्नास-साठच्या दशकात, वॉर्डन रोडवर भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट नावाची जागा होती. वकील आणि स्वातंत्र्यसैनिक भुलाभाई देसाई यांच्या स्मरणार्थ ती सुरू झाली होती. एकाच आवारात चित्रकारांचे स्टुडिओ, नाटकाच्या तालमी, रविशंकर यांची संगीतशाळा. हुसेन तिथे काम करायचे, वासुदेव गायतोंडे तिथे काम करायचे. भाडं अगदी नाममात्र. तेव्हा यातलं कुणी आजच्याइतकं ‘मोठं’ नव्हतं. खोली मिळाली, शेजारच्या खोलीत आपल्यासारखाच कुणीतरी वेडा काम करत होता, एवढंच.

याच गायतोंडेंचं एक चित्र २०२१ मध्ये लिलावात सुमारे ४० कोटी रुपयांना गेलं. ते स्वतः २००१ मध्येच गेले होते. कोटीचे आकडे बघायला चित्रकार नसतो. पण त्याच्या तिशीत त्याला कुणीतरी एक खोली दिली होती, ती मात्र त्याच्या कामाला आली.

आता आपल्या मराठी नाटकवाल्यांची गोष्ट. दादरची छबिलदास शाळा तुम्हाला माहीत असेल. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांच्या ‘आविष्कार’ने १९७४ पासून या शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं करायला सुरुवात केली. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर अशी कितीतरी मंडळी तिथे नाटक करायची. हॉल छोटा, तिकीट परवडणारं आणि नाटक पडलं तरी कुणाचं दिवाळं निघणार नाही अशी सोय. पुढे लोक त्याला ‘छबिलदास चळवळ’ म्हणू लागले. नंतर हॉल सोडावा लागला, तेव्हा आविष्कारला आसरा मिळाला तो माहीमच्या महापालिका शाळेत.

हे वाचताना मी दोनदा थांबले. म्हणजे मराठी प्रायोगिक रंगभूमीचा सगळ्यात गाजलेला काळ कुठल्या आलिशान नाट्यगृहात घडला नाही, तो शाळेच्या हॉलमध्ये घडला. शाळा सुटल्यावर!

दर महिन्याचे पैसे आणि ‘कोर्ट’

जागा मिळाली तरी पोट आहेच. इथे चैतन्य ताम्हाणेचं उदाहरण सांगायलाच हवं. ‘कोर्ट’ हा त्याचा पहिला सिनेमा. २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दोन मोठे पुरस्कार मिळाले आणि पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. तेव्हा चैतन्य जेमतेम २७ वर्षांचा होता. हे सगळं आपल्याला माहीत असतं. पण त्याआधीची गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते.

सिनेमाच्या आधी चैतन्यने एक नाटक केलं होतं. त्यात काम करणारा नट विवेक गोंबर याने त्याला सांगितलं की, तू स्क्रिप्ट लिही, तोवर मी तुला दर महिन्याला ठरावीक पैसे देतो. म्हणजे चक्क लिहिण्याचा पगार! पुढे हाच विवेक ‘कोर्ट’चा निर्माता झाला आणि त्यात वकिलाची भूमिकाही त्याने केली. शिवाय रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स फंडाची मदतही सिनेमाला मिळाली. या फंडाचं कामच हे, ज्यांच्याकडे अजून फक्त कल्पना आहे, त्यांना कागदावर असतानाच पैसे द्यायचे.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुरस्कार काम झाल्यावर मिळतो. पण मदत लागते ती काम होण्याआधी. आपल्याकडे बहुतेक सगळा उत्साह शेवटच्या दिवशीच्या करंडकावर खर्च होतो. स्पर्धांना मी नावं ठेवत नाहीये. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक, आयएनटी, सवाई एकांकिका, विद्यापीठाचा युथ फेस्टिव्हल हे नसते तर आपल्यातल्या निम्म्या लोकांना स्टेज कसं असतं तेही कळलं नसतं. फक्त करंडक कपाटात ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी काय करायचं, हे स्पर्धा सांगत नाही.

पुरस्काराने घर चालत नाही

साहित्य अकादमी २०११ पासून ३५ वर्षांखालच्या लेखकांना युवा पुरस्कार देते. ५० हजार रुपये आणि मोठा सन्मान. २०१८ चा मराठीचा पुरस्कार नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ या कादंबरीला मिळाला. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातला हा लेखक. दोन वर्षांनी लॉकडाऊन आला. महाविद्यालयातलं तासिका तत्त्वावरचं काम गेलं आणि हाच पुरस्कारविजेता लेखक गावाकडे शेतमजुरी करताना दिसला. बातम्या आल्यावर मदतीचे हात पुढे आले. पण बातमी आली नसती तर?

२०२४ चा युवा पुरस्कार देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला मिळाला. तुळजापूरचा हा तरुण शिलाईकाम करणारा. कादंबरीही शिंप्याच्याच आयुष्यावर. आपण अशा बातम्या वाचून ‘जिद्द असावी तर अशी’ म्हणतो आणि शेअर करतो. मीही केली होती. पण जरा उलटं बघा. ज्यांची जिद्द मशीनच्या आवाजात किंवा उन्हातल्या मजुरीत संपून गेली, त्यांच्या कादंबऱ्या आपण वाचल्याच नाहीत, कारण त्या लिहूनच झाल्या नाहीत.

आमच्या वरच्या मजल्यावर एक ताई राहते. दोन वर्षांपूर्वी बीएफए झाली. वन बीएचकेमध्ये चार माणसं, त्यामुळे तिचे कॅनव्हास कपाटामागे उभे असतात. एक कॅनव्हास इतका मोठा आहे की, तो लिफ्टमध्ये मावत नाही. प्रदर्शनाला न्यायचा असेल तर जिन्याने उतरवायचा, रिक्षात आडवा धरायचा आणि पहाटेची पहिली लोकल पकडायची, कारण नंतर मीरा रोडला माणूस चढत नाही तर चित्र कुठून चढणार? सध्या ती मालाडला नाइट शिफ्ट करते. सकाळी सात वाजता घरी येते. मी विचारलं, ‘हल्ली काय काढतेयस?’ ती म्हणाली, ‘झोप.’ हसली आणि आत गेली. शेवटचं चित्र पूर्ण करून तिला आठ महिने झालेत. ती २४ वर्षांची आहे. हे २४ पुढे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा.

पैसे आहेत, पण वय निघून जातं

तुम्हाला वाटेल, सरकार काही करत नाही. करतं! फक्त आपल्याला ते कुणी सांगत नाही. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५. महिना ५ हजार रुपये, दोन वर्षं. म्हणजे एकूण १ लाख २० हजार, सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत. देशभरातून ४०० जणांपर्यंत निवड होते. शास्त्रीय संगीत, नृत्य, नाटक, मूकाभिनय, दृश्यकला, लोककला असे विषय. मुख्य अट अशी की, गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिकलेलं असावं. ही योजना दिल्लीची सीसीआरटी ही संस्था चालवते. पंचविशी ओलांडली असेल तर २५ ते ४० वयोगटासाठी महिना १० हजारांची ज्युनिअर फेलोशिप आहे. तीही दोन वर्षांसाठी, पण ती संशोधनाच्या अंगाने जाणाऱ्या प्रकल्पाला मिळते.

सरकारबाहेरही दारं आहेत. नाटकवाल्यांसाठी विनोद आणि सरयू दोशी फाउंडेशनची फेलोशिप आहे. चित्रकारांसाठी आणि रंगकर्मींसाठी इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन आहे. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९५ पासून कलाप्रकल्पांना अनुदान देतेय आणि तिथे इंग्रजीतच अर्ज करायला हवा असं बंधन नाही, भारतीय भाषांतही चालतो. जहांगीर आर्ट गॅलरीच्या हॉलसाठी काही वर्षं थांबावं लागतं हे सगळ्या चित्रकारांना पाठ असतं, पण तिथेच नुकत्याच पास झालेल्या विद्यार्थ्यांसाठी मॉन्सून शो होतो. राज्याच्या कला संचालनालयाच्या वार्षिक कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग असतो. १८८८ मध्ये सुरू झालेली बॉम्बे आर्ट सोसायटीही दरवर्षी प्रवेशिका मागवते.

मग अडतं कुठे? माझ्या मते अर्जाशी. आपल्याला दहावीला इंटरमीजिएट ड्रॉइंगचे वाढीव मार्क कसे मिळवायचे ते शाळेत सांगतात. ए ग्रेडला ७, बीला ५, सीला ३. हे पाठ असतं. पण आपल्या कामाबद्दल दोनशे शब्द कसे लिहायचे, पोर्टफोलिओत दहा फोटो कोणते ठेवायचे, बजेट कसं मांडायचं, हे कुणी शिकवत नाही. आमच्या वरच्या ताईला सीसीआरटीचं मी सांगितलं तेव्हा तिने आधी तारीख मोजली. पंचविशी पूर्ण व्हायला पाच महिने आहेत. तिच्या बॅचमधल्या चौघांचं वय तर उलटूनही गेलंय. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यामुळे एक काम आजच करा. तुमच्या कामाचे चांगल्या उजेडातले दहा फोटो, किंवा तीन मिनिटांचा एक व्हिडीओ, किंवा पाच पानं, एका फोल्डरमध्ये ठेवा. सोबत शिक्षणाचे, स्पर्धांचे कागद स्कॅन करून ठेवा आणि गुरूंचं किंवा सरांचं पत्र आधीच घेऊन ठेवा. जाहिरात येते तेव्हा मुदत थोडीच असते आणि सर नेमके तेव्हाच गावाला गेलेले असतात.

एक्स्पोजर कुठल्या दुकानात चालतं?

आता सगळ्यात नाजूक विषय. पैसे मागणे! माझ्या एका मित्राने ओळखीतल्या एका दुकानाचा लोगो केला. ठरले होते दीड हजार. अकरा वेळा बदल झाले. शेवटी हातात पडले पाचशे रुपये आणि ‘आम्ही पेजवर तुला टॅग करू, एक्स्पोजर मिळेल.’ टॅगसुद्धा केलं नाही, ते वेगळंच. त्याने भांडायचं ठरवलं, तर त्याच्याकडे एकही कागद नव्हता. सगळं बोलणं फोनवर.

म्हणून हे जरा कंटाळवाणं वाटलं तरी वाचा. कॉपीराइट मिळायला नोंदणी करावीच लागते असं नाही. तुम्ही कथा, गाणं किंवा स्क्रिप्ट लिहिलंत, की तुमचा हक्क तयार होतो. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सही केलेला करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो.

पण दोन ठिकाणी सावध राहा. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क सहसा मालकाकडे जातो. आणि पैसे घेऊन ऑर्डरवर फोटो, चित्र, पोर्ट्रेट किंवा फिल्म करून दिलीत, तर वेगळं काही ठरलं नसेल तेव्हा पहिला हक्क काम देणाऱ्याचा असतो. म्हणजे जे ठरवायचं ते आधी आणि लेखी. कामावर आपलं नाव असण्याचा अधिकार मात्र हक्क विकल्यावरही तुमच्याकडेच राहतो. आणि गीतकार-संगीतकारांनो, २०१२ च्या दुरुस्तीने सिनेमातल्या गाण्याच्या रॉयल्टीतला तुमचा वाटा कायद्याने राखून ठेवलाय. तो सही करून सोडून देता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे, तिचे सदस्य व्हा. पटकथा लिहिणाऱ्यांना आपलं स्क्रिप्ट स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवता येतं.

वकील परवडत नाही? नको. साधा ईमेल करा: ‘आपलं असं ठरलं. काम हे, पैसे इतके, निम्मे आधी, दोन बदल फुकट, त्यापुढच्या प्रत्येक बदलाचे इतके, नाव अमुक ठिकाणी येणार. बरोबर असेल तर ओके कळवा.’ तो ‘ओके’ भांडणात खूप उपयोगी पडतो. माझा मित्र आता असाच मेल पाठवतो. दोन गिऱ्हाईकं पळाली म्हणे. पण तिसऱ्याने पूर्ण पैसे दिले, तेही वेळेवर.

आता हाटकेशला परत

मीरा-भाईंदर महापालिका २००२ मध्ये झाली. आपल्याकडे स्टेशन, मॉल, टॉवर सगळं आलं, मेट्रोचे खांब आले. काशिमीरा भागात लता मंगेशकर यांच्या नावाचं मोठं नाट्यगृहही झालं, ही खरंच आनंदाची गोष्ट. घोडबंदर रोडच्या पट्ट्यात मालिकांचे सेट लागतात, आणि अभिनयाचं स्वप्न घेऊन आलेली कितीतरी मुलं अंधेरीचं भाडं परवडत नाही म्हणून आपल्याच शेजारी राहतात. म्हणजे कलाकार इथे आहेतच. पण मोठं नाट्यगृह हे प्रयोगासाठी असतं. तालमीसाठी लागते ती एक रिकामी खोली, संध्याकाळी सात ते दहा, जिथे ओरडलं तर चालतं.

आणि अशा खोल्या आपल्याकडे आहेत. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी बंद असतात. उद्योगनगरातले काही गाळे रात्री रिकामे असतात आणि तिथे दिवसभर मशीनचा एवढा आवाज असतो की, आमच्या बापाच्या ओरडण्याने कुणाची झोप मोडायची नाही. छबिलदासला जे जमलं ते पन्नास वर्षांनी हाटकेशला जमू नये, असं काय आहे? वर्ग वापरून झाल्यावर बाकं जागेवर लावायची, झाडू मारायचा, चावी परत द्यायची, वीजबिलाचा वाटा द्यायचा. एवढं आपण करू शकतो.

आम्ही गेल्या आठवड्यात एका शाळेला असा अर्ज दिलाय. त्यात आठ जणांची नावं, कॉलेजचं पत्र, वेळ आणि बाकं लावून देण्याचं आश्वासन आहे. क्लार्क काकांनी अर्ज वाचला, शिक्का मारला आणि म्हणाले, ‘पहिल्यांदाच आलाय असा अर्ज. साहेबांसमोर ठेवतो.’ अजून उत्तर आलेलं नाही. त्यामुळे पहिल्यांदा चूक आमचीच होती, असं म्हणायला हवं. आम्ही सेक्रेटरी काकांना शिव्या घालत बसलो, पण शाळेत जाऊन विचारलं कुणीच नव्हतं.

तुमच्या एरियातही विचारून बघा. तुम्ही कलाकार नसाल तरी एक कराच. पुढच्या वेळी मित्राच्या नाटकाचा फुकट पास मागू नका, तिकीट काढा. मैत्रिणीकडून पोस्टर करून घेतलंत तर आधी विचारा, ‘किती देऊ?’ आणि कुणी पंचविशीच्या आतलं गात, नाचत, चित्रं काढत असेल, तर ही सीसीआरटीची माहिती त्याच्यापर्यंत आजच पोहोचवा.

वरच्या मजल्यावरच्या ताईने रविवारी कपाटामागून कॅनव्हास बाहेर काढले. आम्ही दोघींनी ते गच्चीत नेऊन उन्हाच्या उजेडात एकेक करून त्यांचे फोटो काढले. मोठा कॅनव्हास जिन्याने वर चढवताना सेक्रेटरी काका वाटेत भेटले. म्हटलं, आता ओरडणार. ते जरा वेळ चित्राकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘एक बाजू मी धरतो.’